आठ तासांची रात्र

कुंभकोणमच्या तालुका कार्यालयाच्या फाटकासमोर, करंजाच्या सावलीत, माझे टेबल गेली अनेक वर्षे उभे आहे. त्या टेबलाशी बसून मी लोकांची गाऱ्हाणी अर्जांत बसवितो. शाळेशी माझा संबंध नववीत संपला. पुढील शिक्षण मला सरकारी व्हरांड्यांनी दिले, आणि ते कोणत्याही महाविद्यालयापेक्षा उणे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीचा पट्टा, वारसाची नोंद, विधवेचे निवृत्तिवेतन, शेजाऱ्याच्या छपरावर कललेले नारळाचे झाड, यांपैकी ज्यावर मी परिच्छेद रचलेला नाही असा विषय या तालुक्यात सापडणे कठीण. अर्ज मी तमिळमध्ये लिहितो. घरी आम्ही बोलतो ती मराठी आमच्या पूर्वजांनी तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आणलेली. ती ऐकून महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू एकमेकांकडे पाहून हसतात. म्हणून येथे मी छापील मराठी योजिली आहे. ती मी पुस्तकांवरून, कोणाच्याही मदतीशिवाय, कमावलेली आहे.

पुढील हकीकत नीट समजण्यासाठी माझ्या व्यवसायातील एक नियम वाचकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे. कार्यालय जितके मागते त्याच्या निम्म्यावर काम भागते. तीन प्रती आणा म्हणतात, एक पुरते. पंधरा दिवसांत हजर व्हा म्हणतात, महिन्याने गेलात तरी साहेब रजेवरच असतात. यात कोणाची लबाडी नाही. देणारा निम्मेच देणार हे मागणाऱ्यास पक्के ठाऊक असते, म्हणून तो दुप्पट मागतो. आणि मागणारा दुप्पट मागतो हे देणाऱ्यास ठाऊक असते, म्हणून तो निम्मे देतो. राज्यकारभार या समजुतीवर सुरळीत चालला आहे. मी हा नियम शेकडो पक्षकारांना सांगितला आणि त्यांपैकी एकही तक्रार घेऊन परत आला नाही.

आता माझ्या मुलीविषयी.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या शाळेत दोन वेण्या घालून, त्या दुमडून, कानांच्या पातळीवर रिबिनीने बांधण्याचा दंडक आहे. रोज सकाळी माझी पत्नी हे काम करी आणि रोज सकाळी एक रिबीन दुसरीपेक्षा वर बसे.

“सरळ उभी राहा गे.”

“सरळच आहे.”

“मग ही वर कां जाते?”

“तू एका हाताने जास्ती ओढतेस म्हणून.”

वेण्या सुटत, पुन्हा पडत, आणि शाळेची व्हॅन कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवी. माझी थोरली बहीण आमच्याकडेच राहते. विठ्ठलाच्या मठात बायकांचे भजन तीच चालविते आणि घरही, खरे बोलायचे तर, तीच चालविते. शेवग्याचा पाला निवडता निवडता ती एकदा म्हणाली, “वेणी वाकडी नाही. पोर वाकडी आहे.”

तिच्या मते या घरात सगळेच वाकडे असल्यामुळे आम्ही ते मनावर घेतले नाही. पुढे सरस्वतीपूजेच्या दिवशी मुलगी तिला नमस्कार करण्यास वाकली, तेव्हा बहिणीने आशीर्वाद दिला नाही. तिने मुलीच्या पाठीवर दोन्ही तळहात ठेवले आणि ती तशीच वाकलेली असताना मला हाक मारली.

“अरे, इकडे ये. इथे हात लाव. ही बाजू उंच आहे, ही सखल.”

मी हात लावून पाहिले. खरोखरच एक बाजू बांधासारखी वर आली होती.

तंजावरच्या एका इस्पितळात हाडांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. वयाने लहान, बोलणे मोजके. त्यांनी मुलीस हात जोडून पुढे वाकावयास सांगितले. मुलीने वाकण्यापूर्वी कोणाच्या पाया पडायचे आहे म्हणून खोलीत चोहीकडे पाहिले आणि कोणीच वडीलधारे उभे नसल्याने शेवटी वजनकाट्याच्या दिशेने वाकली. मग क्ष-किरणचित्र निघाले. बाईंनी ते उजेडावर धरले, आणि ज्या कण्याच्या भरवशावर माझी मुलगी चेंडू मारीत धावत होती तो कंबरेच्या वर एका बाजूस निघून पुन्हा मध्यावर आलेला आम्ही पाहिला.

मी आदल्या दिवशी एक सविस्तर निवेदन टंकलिखित करून नेले होते. त्यात मुलीचा आहार, दप्तराचे वजन, बसण्याची पद्धत आणि आमच्या घराण्याचा पूर्वेतिहास अशी चार कलमे होती. बाईंनी ते घेऊन, न वाचता, एका जाडजूड पुस्तकाखाली ठेवले.

“दप्तराने होत नाही,” त्या म्हणाल्या. “बसण्यानेही नाही. कशाने होते ते बहुतेक मुलींच्या बाबतीत कोणालाच ठाऊक नसते. तुमची काही चूक नाही.”

मी चूक कबूल केलेलीच नव्हती, तरी आभार मानले.

मग त्यांनी वस्तुस्थिती सांगितली. मुलगी वाढत आहे तोवर हा बाक वाढू शकतो. फार वाढला तर शस्त्रक्रिया करून आत सळ्या घालाव्या लागतात. ती वेळ येऊ नये म्हणून कमरपट्टा द्यायचा. एक प्रकार दिवसरात्र घालण्याचा. पण हिचा बाक एकच आहे, खालच्या भागात आहे, अजून मध्यम आहे; तेव्हा फक्त रात्री निजताना घालण्याचा प्रकार प्रथम करून पाहता येईल. तो बाकाच्या उलट दिशेला शरीर वाकवून धरतो.

“शाळेत घालायचा नाही ना?” मुलीने विचारले.

“नाही.”

“खेळताना?”

“नाही. निजतानाच. पण निदान आठ तास, रोज, वाढ थांबेपर्यंत. रात्रीच्याने भागले नाही तर मग दिवसाचा.”

“म्हणजे शाळेत.”

“म्हणजे शाळेतही.”

मुलगी शाळेच्या बॉल बॅडमिंटनच्या संघात होती. पाच मुलींचा संघ, एकमेकींच्या डब्यातले खाणाऱ्या, एकमेकींस नावे ठेवणाऱ्या. त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या कवचात उभे राहण्यापेक्षा काहीही बरे, हा विचार मला तिच्या चेहऱ्यावर टंकलिखितासारखा स्वच्छ वाचता आला. तिला रात्रीचा पट्टा यशस्वी व्हायला हवा होता. आम्हालाही. त्या एका गोष्टीवर खोलीतल्या सगळ्यांचे एकमत होते.

माप देऊन काही दिवसांनी पट्टा आला. पांढरे, जाड प्लास्टिक, पुढे तीन पट्टे, प्रत्येकावर किती ओढायचे त्याची शाईने केलेली खूण. तो घालून मुलगी आडवी झाली की स्वल्पविरामासारखी दिसे. आत पातळ सुती बनियन, पट्टे खुणेपर्यंत, आणि त्वचेला तेल किंवा पावडर मुळीच नाही, अशा सूचना होत्या. तेलाने कातडी मऊ पडून सोलते म्हणे.

“तेल नाही?” बहीण म्हणाली. “मग हे औषध कसले?”

“आत्या, हे औषध नाही. हे भांडे आहे. यात मलाच ओतून वाळवणार आहेत.”

पहिल्या आठवड्यात तिने पुष्कळ तक्रारी केल्या आणि त्या, माझ्याच घरात वाढली असल्याने, रीतसर केल्या. पट्टे बांधून झाले की छताकडे पाहत ती सुरू करी.

“अर्जदार नम्रपणे निवेदन करते की, तिला श्वास घेता येत नाही.”

“येतो आहे. बोलते आहेस.”

“अर्जदाराच्या डाव्या कुशीला खाज सुटली असून, तेथवर अर्जदाराचा हात पोचत नाही. तरी मायबाप सरकारने कृपावंत होऊन खाजवावे, ही प्रार्थना.”

माझी पत्नी पट्ट्याच्या कडेतून हातपंख्याची दांडी घालून खाजवी. सकाळी पट्टा निघाला की काखेखाली आणि कमरेवर लाल वळ दिसत. शाळेची व्हॅन येईपर्यंत ते फिके होत. दिवसा तिच्याकडे पाहून कोणालाही काही कळले नसते. दोन-तीन आठवड्यांत तिला सवय झाली आणि अर्ज येणे बंद झाले.

परंतु आठ तासांचा प्रश्न होता. आमच्या घरी पहाट फार लवकर होते. बहीण चारच्या सुमारास उठते, मठातल्या काकड्याला जाते आणि मुलीस बरोबर नेते, कारण मुलीच्या हाताला ताल आहे. ती झांज धरते तेव्हा म्हातारे मृदंगवालेही तिच्याकडे पाहून वाजवितात. मुलीलाही जाणे आवडे. तिथे नैवेद्याचा गरम पोंगल असे आणि मोठ्यांच्या बरोबरीने बसता येई. इकडे संध्याकाळी शिकवणी, मग अभ्यास, मग जेवण. निजायला साडेदहा-अकरा. पट्टा अंगावर राही तो जेमतेम पाच तास.

“बाईंनी आठ सांगितले आहे,” पत्नी म्हणाली.

मी तिला नियम समजावून सांगितला. आठ मागितले आहे म्हणजे चारांची अपेक्षा आहे. आपण पाच देत आहोत. अर्थात अपेक्षेपेक्षा अधिक. तिने सगळे ऐकून घेतले. तिला माझ्या कार्यालयीन ज्ञानाविषयी आदर आहे.

“आणि हाडांना हे ठाऊक आहे?” तिने विचारले.

नियम सर्वसाधारण आहे, असे मी उत्तर दिले.

पुढच्या वर्षी कार्तिकात आम्ही पुन्हा तंजावरला गेलो. नवे चित्र निघाले. बाईंनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन त्यावर रेघा मारल्या, आणि जुने चित्र शेजारी लावले.

“वाढला आहे,” त्या म्हणाल्या. “पट्टा रोज घालते?”

उत्तर मी दिले. पक्षकाराच्या वतीने उत्तर देणे हे माझे कामच आहे, आणि आपल्या बाजूस दुबळे करणारा मजकूर आपण होऊन द्यायचा नाही, हा त्या कामातला पहिला धडा. “एकाही रात्रीचा खंड नाही,” मी म्हणालो. ते अक्षरशः खरे होते.

बाईंनी मान हलविली. “मग रात्रीच्या पट्ट्याने हिचे भागत नाही, असेच म्हणावे लागेल. दिवसाच्या पट्ट्याचे माप घ्यायला सांगते. नव्या वर्षात सुरू करू.”

त्यांनी लिहिण्यास सुरुवात केली. माझी मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिला डोळ्यांनीच धीर दिला.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “मी पाचच तास घालते.”

लेखणी थांबली. “मी आठ सांगितले होते ना?”

“अप्पा म्हणाले, आठ म्हणजे चार.”

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सीताफळात अनोळखी बी निघावी तसे त्या पाहत होत्या. मी नियम सांगितला. तीन प्रतींचे उदाहरण दिले, साहेबांच्या रजेचे दिले. त्यांनी मधेच तोडले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “मी आठ सांगते तेव्हा मला नऊ हवे असतात. पोरांची दया येते म्हणून आठ म्हणते.”

एवढ्या वर्षांत उलट्या बाजूने चालणारे कार्यालय मला प्रथमच भेटत होते.

बाईंनी लिहिलेला कागद फाडला. “उन्हाळ्यापर्यंत वेळ देते. आठ तास, खरे आठ. मग चित्र काढू. तेव्हा बाक आणखी वाढला असेल तर दिवसाचा पट्टा. मग कोणी युक्तिवाद करायचा नाही.” शेवटचे वाक्य त्या माझ्याकडे पाहून बोलल्या.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. पापनाशम आले. तिथे भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकणारी बाई चढली. मी एक पुडा घेऊन तिच्यापुढे धरला. तिने शेंग सोलली.

“अप्पा, यापुढे तिथे तुम्ही बोलू नका. मी बोलेन.”

“तुला सगळे मांडता येईल?”

“मांडायचे नाही. सांगायचे.”

पक्षकाराने वकील बदलणे हा त्याचा हक्क आहे. मी शेंगा खाल्ल्या.

घरी माझ्या पत्नीने वेळापत्रक हाती घेतले. शिकवणी अलीकडे आली. जेवण दिवे लागताच होऊ लागले. मी कामावरून परत येण्यापूर्वीच पाने वाढली जात, आणि मला मागून एकट्याला थंड पिठले मिळे. दूरदर्शन संच नऊच्या आत मुका. संध्याकाळचे टोक अशा रीतीने सुटले. राहिले पहाटेचे टोक आणि तिथे माझी बहीण उभी होती.

मार्गळीचा, म्हणजे तमिळांच्या मार्गशीर्षाचा, महिना तोंडावर आला होता. त्या महिन्यात आमच्या मठाची भजनी मंडळी पहाटे देवाचे नाव घेत गल्लोगल्ली फिरतात. मृदंग, पेटी, झांजा, मागे बायका, पुढे दिवा. मुलगी सात वर्षांची असल्यापासून त्यात झांज वाजवीत होती.

“वन्सं, यंदा ती यायची नाही,” पत्नीने सांगितले.

“मार्गळीत?”

“मार्गळीत.”

“देवाला उठवायला जाणारे घर हे. त्या घरची पोर उन्हे येईपर्यंत लोळणार? गल्ली काय म्हणेल?”

“गल्ली पट्टा घालणार आहे का?”

बहिणीने सुपातले तांदूळ पाखडण्यास सुरुवात केली. माझी बहीण रागावली की तांदूळ पाखडते. आमच्या घरचा तांदूळ त्यामुळे नेहमीच स्वच्छ असतो. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली.

“आत्या, मला यायचे आहे. पण शाळेत पट्टा घालायचा नाही.”

“दोन्ही नाही होत?”

“नाही होत. मी मोजून पाहिले.”

“देव बघेल की.”

“देव बघेलच. पण डॉक्टर चित्र काढून बघतात.”

सुपातले तांदूळ स्वच्छ झाले तरी बहीण पाखडतच राहिली. मला वाटले, आता ही मठात जाऊन राहील. एकदा भावजयीशी मिठावरून वाद झाला होता तेव्हा ती गेली होती.

मार्गळीच्या पहिल्या पहाटे मी मंडळींबरोबर होतो. मी गातो बेताचेच, परंतु माझी उपस्थिती शोभून दिसते. बहिणीने मुलीच्या झांजा स्वतःच्या हाती घेतल्या होत्या. तिचा आवाज खणखणीत आहे. हात मात्र आवाजाच्या मागे अर्धे पाऊल चालतो. मेलकावेरी भागातल्या दुसऱ्या गल्लीपर्यंत पेटीवाल्याने कसेबसे सहन केले.

“अक्का, ताल,” तो म्हणाला.

“ताल घरी निजला आहे. तू वाजव.”

मग आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. बहिणीने हात वर केला. मृदंग थांबला, पेटी मिटली, झांजा तिने पदरात गुंडाळल्या. मंडळी अनवाणी, नुसते ओठ हलवीत, आमच्या घरावरून गेली. दिवा तेवढा पुढे चालत होता. गल्लीचे दुसरे टोक आल्यावर तिने हात खाली केला आणि जिथे चरण सोडला होता तिथूनच सगळ्यांनी पुन्हा उचलला.

तिने हे कोणास केव्हा सांगितले होते, मला आजतागायत कळलेले नाही. मला सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक माझ्या टेबलाशी आले.

“काय हो, आमच्या दारासमोर देव मुका कां होतो? गल्लीत काही विटाळ झाला आहे?”

मी त्यांना मुलीच्या पट्ट्याची हकीकत सांगितली. यामुळे ती गल्लीभर झाली, आणि त्याबद्दल मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पण त्यानंतर तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने आमच्या दारात भोंगा वाजविला, तेव्हा मुख्याध्यापक बनियनवर बाहेर येऊन त्याच्यावर असे खेकसले की निम्मी गल्ली जागी झाली. मुलगी मात्र निजून राहिली. रोज तिच्या उशाशी बहीण द्रोणात पोंगल आणून ठेवी.

“आज आपल्या गल्लीतून गेलात?” ती उठताच विचारी.

“गेलो.”

“झांज कोणी धरली?”

“मी.”

“मग बरे झाले मी निजले होते.”

पौषानंतर तिच्या संघाचा सामना मयिलाडुतुरैला ठरला. एक रात्र तिथल्या शाळेत मुक्काम, वर्गात सतरंज्या टाकून. मी तिला म्हणालो की एका रात्रीने काही बिघडत नाही. हवे असल्यास डॉक्टरीणबाईंस उद्देशून दोन ओळींचा विनंतीअर्ज लिहून देतो.

“नको, अप्पा.”

“अगे, त्या मुली पाहतील.”

“पाहतील.”

तिने पट्टा रेशमी साड्यांच्या दुकानाच्या मोठ्या पिशवीत घातला, वर बनियन ठेवले आणि पिशवी काखेत मारून गेली. मी बसपर्यंत सोडायला गेलो होतो. तिच्या कप्तान मुलीने पिशवीकडे पाहून विचारले, “लग्नाला चाललीस का गे?” माझी मुलगी हसली, पण तिचे ओठ कोरडे होते, हे मला दिसले. बस आडुतुरैच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. त्या दिवशी एका वारसाच्या अर्जात मी मृत व्यक्तीलाच अर्जदार केले.

दुसऱ्या संध्याकाळी ती परत आली. सामना हरल्या होत्या.

“आणि ते?” पत्नीने हळूच विचारले.

“सगळ्यांनी घालून बघितला. कप्तान त्यात अडकली. शाळेच्या बाईंना बोलवावे लागले.” ती पायरीवर बसून बूट काढू लागली. “मग ती म्हणाली, हा घालून तू सर्व्हिस करू शकणार नाहीस. मी म्हटले, हा न घालता तरी तू कुठे करतेस.”

चैत्र मात्र कठीण गेला. वीज जाई, पंखा थांबे, आणि प्लास्टिकच्या आत ती भिजून निघे. बनियने बदलावी लागत. पत्नी आणि बहीण आळीपाळीने ताडाच्या हातपंख्याने वारा घालीत आणि कोणाच्या वाऱ्यात अधिक गारवा आहे यावर त्यांचे मतभेद होत. एका रात्री मुलीने स्वतःच पट्टे सोडले, पट्टा भिंतीशी उभा केला आणि त्याच्याकडे पाठ करून निजली. सकाळी कोणी तो विषय काढला नाही. पुढच्या रात्री तिने तो आपणच उचलून आणला.

वैशाखात आम्ही तंजावरला गेलो. या वेळी बहीणही बरोबर आली. मी निवेदन आणले नव्हते. बाईंनी चित्र उजेडावर धरण्यापूर्वी मुलीस विचारले, “किती तास?”

“आठ. कधी कधी सात. उकाड्यात एक रात्र निम्मीच, तेव्हा मीच काढला होता. बाकी आठ.”

असे कथन कोणीही जाणता माणूस आपल्या बाजूने दाखल करणार नाही. मी बाकड्याच्या कडा धरून बसलो. बाईंनी रेघा मारल्या, खोडल्या, पुन्हा मारल्या. मागचे चित्र लावले. माझी बहीण पुटपुटत जप करीत होती आणि मुलगी बाईंच्या पेन्सिलीकडे पाहत होती.

“तिथेच आहे,” बाई म्हणाल्या.

“कमी झाला नाही?” मी विचारले. न बोलण्याचे ठरले होते, तरी राहवले नाही.

“कमी होईल असे मी म्हटलेच नव्हते. वाढू द्यायचा नव्हता. नाही वाढला.”

“जैसे थे,” मी म्हणालो.

“काय?”

मी त्यांना तमिळमध्ये समजाविले की आमच्या व्यवसायात त्याला असे म्हणतात. दुबळ्या पक्षकाराची जमीन त्याला परत मिळत नाही. पण उद्यापासून ती कोणी सरकवीत नाही, एवढा हुकूम मिळाला तरी तो त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवतो. असे हुकूम मी फार थोडे पाहिले आहेत. बाईंनी हे ऐकले आणि पहिल्यांदाच हसल्या.

मुलगी हसली नाही. “म्हणजे शाळेत काही नाही?”

“शाळेत काही नाही. रात्रीचाच. अजून वाढ थांबलेली नाही, तेव्हा वर्ष-दीड वर्ष तरी. मधे पुन्हा चित्रे काढू. आणि हा पट्टा आता तुला तोकडा पडतो. नवे माप दे.”

“वाढला तर?”

“तर तेव्हा बघू. आठ तास देत राहा.”

“देईन,” मुलगी म्हणाली, आणि विचार करून पुढे म्हणाली, “साडेआठ.”

माप घेणारा कारागीर मागच्या खोलीत बसतो. माझी पत्नी आणि बहीण मुलीबरोबर आत गेल्या. मी आत जाण्यास निघालो, तेव्हा मुलगी म्हणाली, “अप्पा, तुम्ही बाहेर बसा.” मी बाहेर बसलो. दार अर्धवट लोटलेले होते. कारागिराने विचारले, जुना कुठे रुततो का. एरवी अशा प्रश्नाला मी उत्तर दिले असते. तो प्रश्न कसा घ्यावा, काय आधी सांगावे, काय राखून ठेवावे, हे मला ठाऊक आहे. आतून तिचाच आवाज येत होता. काखेखाली रुततो, पण तिथे सैल करू नका, सैल केला तर रात्रीतून मी सरकते. कमरेवरचा मधला पट्टा मात्र बोटभर खाली घ्या. कारागीर “सरि, सरि” म्हणत रुकार देत होता. माझी बहीण त्याला विचारीत होती की नव्याला तरी थोडे तेल चालेल का. मुलगी तिला सांगत होती की नाही, आत्या, अजूनही नाही, आणि एवढे सांगून ती पुन्हा कारागिराशी बोलू लागली.